मामाकडची पिवळी साडी आणि घमेलंभर लिंबं

आमच्या घराण्यात नोकरी सोडणारा मी पहिला. कारण साधं आहे. आमच्या घराण्यात नोकरी लागलेलाही मीच पहिला.

बाकी सगळे फुलांचे. नाशिकला मखमलाबादच्या पुढं आमची शेती आहे; झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडणी, सकाळी फूलबाजार, दुपारी झोप आणि संध्याकाळी पारावर बसून फुलांच्या पडलेल्या भावाच्या नावानं शिव्या. असा सुरळीत चाललेला संसार सोडून मी इंजिनिअर झालो आणि पुण्याला एका मोठ्या कंपनीत लागलो. अण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) फूलबाजारात पेढे वाटले. ते पेढे ज्यांनी ज्यांनी खाल्ले, ते सगळे आजही मला रस्त्यात अडवून जाब विचारतात.

कंपनीत माझं काम काय, हे घरी कुणालाच कधी कळलं नाही. ते फार अवघड नव्हतं. एका मोठ्या तक्त्यात प्रत्येक कामासमोर एक चौकोन असायचा. काम वेळेत चाललं असेल तर चौकोन हिरवा, रेंगाळलं तर पिवळा, बोंबललं तर लाल. हे चौकोन रंगवायला मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो होतो. पिवळ्याचा लाल झाला की साहेब मला काचेच्या खोलीत बोलावून घ्यायचे आणि विचारायचे, "निखिल, हा लाल कसा काय झाला?" जसं काही मी घरून लाल रंग आणून ओतला होता. मला रात्री स्वप्नं पडायची, त्यातही पिवळे चौकोन असायचे आणि ते हळूहळू लाल होत असायचे.

अशात एका रविवारी मित्रानं मला कापड रंगवायच्या शिबिराला ओढून नेलं. तिथं एक बाई हिरडा, तुरटी आणि झेंडू वापरून सुती कापड रंगवायला शिकवत होत्या. झेंडू! आमच्या बांधावर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूचे ढीग सडत पडलेले असतात, त्याला गाय तोंड लावत नाही, आणि इथं लोक फी भरून तो उकळत होते. मी पण उकळला. पांढरं कापड बुडवलं, बाहेर काढलं, आणि उन्हात धरलं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो चौकोन रंगवून मला एकदाही झाला नव्हता. सोमवारी मी पिवळे हात घेऊन ऑफिसात गेलो, तर चौघांनी "न बोलावताच लग्न उरकलंस का?" म्हणून भांडण काढलं. त्याच महिन्यात मी राजीनामा दिला आणि बॅगा घेऊन घरी आलो.

घरी ही बातमी जेवताना सांगावी असं मी ठरवलं होतं, कारण तोंडात घास असताना माणूस ओरडत नाही. अण्णा घास गिळेपर्यंत थांबले.

"म्हंजे रंगारी?" ते म्हणाले.

"रंगारी नाही अण्णा. नैसर्गिक वस्त्ररंजन."

"त्यात काय करत्यात?"

"कापड रंगवतात."

"मंग रंगारीच ना?"

"…हो."

अण्णा आईकडं वळले. "ऐकलं का? मी जन्मभर झेंडू इकला. हा आता शिजवून बघनार हाय."

"जाऊ द्या हो," आई म्हणाली, "जेवू द्या त्याला. लय वाळलाय."

दुसऱ्या दिवसापासून बाजारात कुणी विचारलं की अण्णा सांगू लागले, "पोरगं कापडाच्या लायनीत हाय." हे ते अशा आवाजात सांगायचे की ऐकणाऱ्याला कापडाची गिरणी दिसावी. बघता बघता त्या गिरणीत मला मॅनेजर केलं गेलं. आणि हा मॅनेजर तेव्हा घराच्या मागं, तीन दगडांच्या चुलीवर, आईच्या वाळवणाच्या पातेल्यात झेंडू ढवळत धुरानं डोळे चोळत बसलेला असायचा.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. खुर्ची अजून रिकामी आहे, परत ये, पगार वाढवतो. मी फोन स्पीकरवर ठेवला होता (हात तुरटीत होते) आणि अण्णा नेमके मागून गोठ्याकडं चालले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"आपल्या पूजाचं लग्न होस्तोवर काय शिजवायचं ते शिजव," ते म्हणाले. "चार लोकांनी वा म्हनलं तर मी तोंड उघडनार नाय. नायतर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गप पुन्याची गाडी धरायची. कबूल?"

मी कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घर त्यांचं, झेंडू त्यांचा, पातेलंसुद्धा त्यांच्याच लग्नातलं.

पूजा म्हणजे माझ्या शोभाआत्याची मुलगी. आत्या ओझरला राहते, तिचे यजमान विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि आत्या बोलायला लागली की विमानाचाही आवाज ऐकू येत नाही. पूजाला वणीकडचं स्थळ मिळालं होतं. द्राक्षबागायतदार माणसं, तालेवार, आणि मानपानाला पक्की. आता आत्याची मुलगी म्हणजे अण्णा तिचे मामा. नवरी मामाकडची पिवळी साडी नेसून बोहल्यावर उभी राहते आणि मामाच तिला हाताला धरून अंतरपाटापर्यंत नेतो. म्हणजे साडीकडं बघणाऱ्या प्रत्येकाला शेजारी मामा दिसतोच. अण्णांनी त्यासाठी येवल्याहून चांगली साडी आणायचं मनाशी पक्कं केलं होतं.

आत्या घरी आली, तिनं मागच्या अंगणात दोरीवर वाळणारी माझी कापडं बघितली आणि निकाल देऊन टाकला.

"दादा, साडी इकत आनायची नाय. निख्या रंगवंल."

अण्णांचा चहा बशीत सांडला. "शोभे, वणीची मानसं हायेत. लोकं काय म्हनतील?"

"म्हनतील, मामाच्या रानातला झेंडू अंगावर घेऊन पोरगी बोहल्यावर चढली. आजून काय पायजे? आन् व्याह्यांना, त्यांच्या भावांना उपरनी पन त्याचीच. होय ना रे?"

मी होय म्हणालो. माझी छाती इतकी फुगली होती की नाही हा शब्द त्यातून बाहेर पडलाच नसता. अण्णा मात्र उठून झेंडूत गेले आणि बराच वेळ उगाच पाटाचं पाणी इकडून तिकडं वळवत राहिले.

रंगवायचा दिवस उजाडला. बारीक हिरव्या काठाची पांढरी सुती साडी आणि उपरणी मी आधीच हिरड्यात आणि तुरटीत भिजवून तयार ठेवली होती. झेंडूचा अर्क काढला, गाळला, त्यात साडी आणि उपरणी सोडली. रंग आला तो शांत, मातकट, जरासा सोनेरी. माझ्या मते अत्यंत उच्च अभिरुचीचा. आईनं पदराचं टोक उचलून पाहिलं.

"हा पिवळा हाय?"

"हा खरा पिवळा आहे आई. निसर्गात असाच असतो."

"निसर्गाला बरं नसंल मंग," आई म्हणाली. "काविळीतून उठल्यावानी दिसतोय."

अण्णा पण येऊन बघून गेले. मान हलवली ती माझ्या बाजूनं नव्हती. मी दोघांनाही सांगितलं की कापड दिवसभर रंगात मुरू द्यायचं असतं, संयम ही या कलेची पहिली पायरी आहे, कुणी हात लावू नका. आणि स्वतः कॉलेज रोडला साडीला अडकवायची लेबलं छापून आणायला निघून गेलो. लेबलावर मी लिहून घेतलं होतं : 'निसर्गाचा रंग. कधीही न बदलणारा.'

संध्याकाळी परत येऊन पातेल्याचं झाकण काढलं आणि मी नाचायलाच लागलो. साडी पिवळीधमक झाली होती! डोळे दिपावेत असा, हळदीच्या दिवशीच्या नवरदेवासारखा पिवळा. मी उच्च अभिरुची तिथंच चुलीत टाकली आणि साडी उंच धरून ओरडलो, "बघा! याला म्हणतात मुरणं! याला म्हणतात संयम!"

"बघ की," आई म्हणाली आणि घाईनं आत गेली.

"हं," अण्णा म्हणाले आणि गोठ्यात गेले.

दोघांच्या जाण्यातली घाई तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. पण मी संयमावर एक लांबलचक मजकूर मोबाईलवर टाकण्यात गुंतलो होतो.

लग्न दिंडोरी रोडवरच्या एका लॉन्सवर होतं, गोरज मुहूर्तावर. सकाळी हळद झाली, मग मानपान. अण्णांनी फेटा बांधून, ताठ मानेनं, साडीचं ताट पूजाच्या हातात दिलं. साडी बघून बायकांमध्ये कुजबुज झाली आणि ती चांगली होती. विहीणबाईंनी (म्हणजे पूजाच्या होणाऱ्या सासूबाईंनी) पदरावरून हात फिरवून, "रंग मोठा तेजदार आहे हो," असं म्हटलं. अण्णांची मान आणखी एक इंच वर गेली. व्याह्यांच्या आणि त्यांच्या भावांच्या गळ्यात पिवळी उपरणी पडली. इथपर्यंत थांबलं असतं तर मी आज सुखी माणूस असतो. पण आत्यानं माईक माझ्या हातात दिला.

"सांग रे चार शब्द. नोकरी सोडून करतोय, लोकांना कळू दे."

माईक हातात आला की माझं भान जातं. मी निसर्गावर बोललो, संयमावर बोललो, कंपनीच्या रंगीत चौकोनांची टिंगल केली, आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, "एक वेळ माणूस बदलेल, पण हा रंग आयुष्यात बदलायचा नाही!" टाळ्या पडल्या. नवरदेवानं टाळ्या वाजवल्या नाहीत; लग्नाच्या मांडवात 'माणूस बदलेल' म्हणू नये, हे मला नंतर समजलं.

जेवणं झाली. व्याही बेसिनवर गेले, साबणाच्या वडीनं हात धुतले, पुसायला काही दिसेना म्हणून गळ्यातल्या उपरण्याला ओला हात पुसला आणि मित्रमंडळींत येऊन बसले. त्यांच्या छातीवर लालभडक पंजा उमटला होता.

पाचही बोटं स्पष्ट. एखाद्याचा खून करून माणूस शांतपणे विडा लावत बसलाय, असं ते दृश्य होतं. पाहतो तर त्यांचे धाकटे बंधूही बेसिनकडून येत होते आणि त्यांच्या खांद्यावर दुसरा पंजा होता.

झेंडू असं करत नाही. तुरटी लावलेला झेंडू साबणाला भीक घालत नाही. साबण किंवा सोडा लागला की लाल होते ती एकच गोष्ट, आणि ती प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात असते. मी धावत जाऊन आईला पंगतीतून उठवलं.

"आई, खरं सांग. पातेल्यात हळद टाकलीस?"

आईनं पदर सावरला, इकडंतिकडं बघितलं. "टाकली रे थोडी. चमचाभर. लयच फिका दिसत होता. तुझं नाव व्हायला पायजे ना चार लोकांत."

"चमचाभरानं एवढं होत नाही आई!"

"मंग चमचा मोठा असंल," आई म्हणाली. मला तिच्यावर रागावताही येईना. जिनं माझं नाव व्हावं म्हणून माझंच काम बिघडवलं, तिच्यावर कोणत्या तोंडानं चिडायचं?

मी स्वतःला समजावलं. उपरणी गेली तर गेली. साडी वाचली पाहिजे. पूजा आता ती साडी नेसून बोहल्याकडं येणार, तिला साबण कुठं लागणार आहे? नवरीला कोण साबण लावतं? असा विचार करत मी मंडपाच्या तोंडाशी आलो आणि तिथं इव्हेंटवाला एका काळ्या यंत्रात बादलीतलं पाणी ओतत होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बबल मशीन. नवरीच्या एन्ट्रीला. वरून फुगे पडणार, व्हिडिओत लय भारी दिसतं."

"बादलीत काय आहे?"

"कपड्याची पावडर. बाहेरचं लिक्विड महाग पडतं, अन् हिचा फेस बघा की, एक नंबर."

"बंद करा. ताबडतोब बंद करा."

"पॅकेजमध्ये आहे दादा," तो शांतपणे म्हणाला. "बंद करायचं तर आत्याबाईंना विचारा."

आत्या मंडपाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि मध्ये अख्खं लग्न बसलं होतं. तेवढ्यात बँडनं सूर धरला आणि पूजा आली. पिवळी साडी, हिरवा काठ, डोक्यावर फुलांची चादर, आणि हाताला धरून माझे अण्णा. फेटा, मिशा, डोळ्यांत पाणी. आयुष्यात त्यांना मी इतकं देखणं कधी पाहिलं नव्हतं. आणि यंत्र सुरू झालं.

मी एका पाहुण्याची छत्री ओढली, उघडली आणि पूजाच्या डोक्यावर धरून उड्या मारत फुगे अडवू लागलो. एक डावीकडून, एक उजवीकडून. लोकांना वाटलं नाच बसवलाय. नवऱ्याकडची पोरं शिट्ट्या मारत आली आणि माझ्याभोवती नाचायला लागली, कुणी तरी मला उचलून खांद्यावर घेतलं, आणि तिथून वर, छत्रीसकट, मी सगळं स्पष्ट पाहिलं. पहिला फुगा पूजाच्या खांद्यावर बसला आणि फुटला. तिथं रुपयाएवढा लाल ठिपका पडला. मग दुसरा. मग पदरावर चार, निऱ्यांवर दहा. अंतरपाटापाशी पोचेपर्यंत नवरीला गोवर निघाला होता.

बँड थांबला. अण्णांनी साडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. भर मंडपात मामाचा पडलेला चेहरा मी पहिल्यांदा पाहिला आणि मला वाटलं, आत्ताच्या आत्ता पुण्याला जावं, आयुष्यभर चौकोन रंगवावेत.

"हे लाल कसं काय झालं?" विहीणबाईंनी विचारलं.

अगदी तोच प्रश्न! मी काचेच्या खोलीत असल्यासारखा जागेवर गार पडलो. पण त्या गारठ्यातच मला शिबिरातल्या बाईंचा आवाज आठवला : हळद सोड्यानं लाल होते, आंबटानं परत पिवळी होते.

"लिंबू!" मी खांद्यावरूनच ओरडलो. "आई, लिंबू आण!"

आईला का, कशाला असले प्रश्न पडत नाहीत. ती सरळ आचाऱ्याकडं गेली आणि सरबतासाठी चिरून ठेवलेल्या लिंबांचं घमेलं कमरेवर घेऊन आली. मी खाली उतरलो, एक फोड घेतली आणि पूजाच्या पदरावरच्या सगळ्यात मोठ्या ठिपक्यावर पिळली. लाल विरघळला. खालून पिवळा वर आला. मंडपातून "आं" असा मोठा आवाज निघाला.

विहीणबाई आत्याजवळ सरकल्या. "हे तुमच्याकडं असतं का?"

शोभाआत्या माझ्याकडं न बघता, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाली, "असतंय तर. मामाकडची रीत हाय आमची. आधी नवरीवर कुंकू उमटू द्यायचं, मग सवाष्णींनी लिंबू पिळून दिष्ट उतरवायची. तुमच्याकडं नसतं का?" शेवटचा प्रश्न तिनं अशा काही दयेनं विचारला की वणीची तालेवार मंडळी वरमली.

"असायचं पूर्वी," विहीणबाई घाईघाईनं म्हणाल्या आणि त्यांनी घमेल्यातून फोड उचलली.

मग काय! सवाष्णींची रांग लागली. मावश्या, काकवा, नवरदेवाच्या बहिणी, जिला जो ठिपका सापडेल त्यावर ती लिंबू पिळू लागली. एका बाईंनी ठिपका नसलेल्या जागीही पिळलं, उगाच आपला मान हुकू नये म्हणून. व्याह्यांनी स्वतःच्या छातीवरच्या पंजावर दोन फोडी पिळून घेतल्या. गुरुजी घड्याळाकडं बघत म्हणाले, "अहो, मुहूर्त चाललाय. हा विधी कुठल्या पोथीत आहे?" आत्या म्हणाली, "नीट बघा गुरुजी, असंल कुठंतरी." गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं, दक्षिणेचा विचार केला आणि कसलासा मंत्र सुरू केला.

पूजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते बघून विहीणबाईंनाही भरून आलं. "किती हळवी आहे हो पोर. माहेर सुटतंय ना."

"निख्या," पूजा दात आवळून माझ्या कानाशी पुटपुटली, "माझ्या डोळ्यांत लिंबू गेलंय. पाठवणी झाली की मी तुला सोडणार नाही."

मुहूर्त गाठला. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या त्या साडीला चिकटून बसल्या, एवढी ती ओली होती, पण ती पिवळी होती. नवरदेवानं हार घालून घ्यायला मान पुढं केली आणि त्याला शिंक आली. पूजाच्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरीच्या भोवती सरबताच्या गाड्यावर येतात तशा माश्या आहेत.

घरी येताना आम्ही फुलांच्या टेम्पोत होतो. अण्णा चालवत होते, मध्ये आई, कडेला मी. मी म्हणालो, "उद्या सकाळची गाडी धरतो अण्णा. आईच्या चमचाभर हळदीनं—"

"चमचा नव्हता तो," अण्णा रस्त्याकडं बघत म्हणाले.

"म्हणजे?"

"आईनं चमचा टाकला आसंल. पुडा मी टाकला. किलोचा."

मी आणि आई दोघंही त्यांच्याकडं बघत राहिलो. ज्यांनी मला रंगारी म्हणून हिणवलं, ज्यांनी माझ्या चुलीकडं नीट बघितलंही नव्हतं, त्यांनी मी गेल्यावर झाकण उचलून हळदीचा पुडा ओतला होता.

"का अण्णा?"

"एवढ्या लोकांम्होरं तुझा रंग फिका पडाया नको," ते म्हणाले आणि गिअर बदलला, जो बदलायची काही गरज नव्हती. इतकी वर्षं या माणसाला मी कळलो नाही असं मी म्हणत होतो. तो मलाच कळला नव्हता.

नेमका तेव्हा माझा फोन वाजला. साहेब होते (साहेब रविवार मानत नाहीत). अण्णांनी टेम्पो बाजूला घेतला, माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"हां, बोला. मी त्याचा बाप बोलतोय… नाय साहेब, नाय जमनार त्याला. हितं धंदा वाढलाय… काय?… आसं व्हय." त्यांनी फोनवर हात ठेवला. "तिकडं बी कायतरी पिवळ्याचं लाल झालंय म्हनतोय."

मी काही बोलायच्या आत त्यांनी फोन परत कानाला लावला. "साहेब, लिंबू पिळा वरून," असं म्हणून ठेवून दिला. आई इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मला तिची पाठ थोपटावी लागली.

त्या आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलं होतं आणि मामाकडची पिवळी साडी त्यांना माझ्याकडूनच हवी होती. मी भावुक झालो. म्हणालो, यावेळी नुसता झेंडू वापरतो, अस्सल, पक्का, काही झालं तरी बदलणार नाही असा रंग देतो.

"अहो, असं करू नका," विहीणबाई घाबरून म्हणाल्या. "बदलला नाही तर आम्ही लिंबू पिळायचं कशावर?"

तेव्हापासून वणी, दिंडोरी आणि ओझर या भागात मामाकडून लाल होणारी साडी नेण्याची फार जुनी रीत सुरू झाली आहे. मागणी इतकी आहे की आमचं वाळवणाचं पातेलं रिकामं राहत नाही. माझ्या पक्क्या, मातकट, उच्च अभिरुचीच्या साड्या अजून दोरीवरच आहेत. लाल होणारी साडी मला साधत नाही; त्यातलं हळदीचं प्रमाण फक्त आईच्या चमच्याला आणि अण्णांच्या हाताला माहीत आहे, आणि ते दोघं मला चुलीजवळ येऊ देत नाहीत. "तू शिकलेला हायेस, तुझ्याजोगं काम कर," असं अण्णा म्हणतात.

म्हणून मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसतो आणि कुणाची साडी कुठवर आली याचा तक्ता ठेवतो. वेळेत असेल तर चौकोन हिरवा, रेंगाळली तर पिवळा. आणि एखादा लाल झाला की अण्णा चुलीवरून हाक मारतात, "निख्या, ये हिकडं. हा लाल कसा काय झाला?"